सापाचा उपास, घरादाराला त्रास

या वेळी टपालात मांजर एक, पोपट दोन आणि बाकी सगळे साप. थंडी पडली की दरवर्षी हेच होतं, सापवाल्यांचे मेसेज सुरू होतात आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, की डॉक्टर, साप खात नाही. म्हणून या महिन्यात मांजर आणि पोपटवाल्यांनी जरा दम धरा, त्यांचं पुढच्या अंकात बघू. ज्यांना सापाचं नाव काढलं तरी अंगावर काटा येतो त्यांनी पान उलटलं तरी राग नाही.

राजारामपुरीतून एक वाचक लिहितात : डॉक्टर, माझ्याकडं बॉल पायथन आहे, नर, साडेतीन वर्षांचा, नाव सर्जा. दिवाळीपर्यंत दर दोन आठवड्याला एक उंदीर न चुकता खायचा. दिवाळी झाली आणि त्यानं तोंड लावायचंच सोडलं, आता जानेवारी संपत आला. मी रोज रात्री उंदीर गरम करून त्याच्यापुढं धरतो, तो नुसता बघतो आणि मान फिरवून आत जातो. वजन १४०० ग्रॅम होतं ते आता १३५० आहे. व्हिडिओत एकजण म्हणतो तोंड उघडून भरवा, दुसरा म्हणतो काही करू नका. आईनं अंबाबाईला नवस बोललाय. काय करू सांगा.

उत्तर : भावा, पहिलं म्हणजे तू वजन लिहून ठेवलंयस त्याबद्दल शाबासकी, कारण निम्म्या लोकांकडं तेच नसतं, ते नुसतं "लई बारीक झालाय हो" म्हणतात आणि बारीक म्हणजे किती ते कुणालाच माहीत नसतं. आता तुझाच हिशोब बघ. १४०० चे १३५० म्हणजे ५० ग्रॅम गेले, साडेतीन टक्क्यांच्या जरासे वर, आणि तेही जवळजवळ तीन महिन्यांत. तब्येतीत असलेल्या मोठ्या सापाचं वजन दहा टक्क्यांनी उतरलं की मी उठून बसतो, म्हणजे तुझ्या सर्जाची रेघ १२६० ला. तिथपर्यंत यायला त्याला अजून बराच वेळ आहे आणि त्याआधी तो बहुतेक स्वतःच खाईल. कॅलेंडर बघून घाबरायचं सोड, किचनमध्ये असतो तसला डिजिटल काटा वेगळा घे आणि दर रविवारी वजन कर, बस.

आता तो खात का नाही. बॉल पायथन मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, घाना, टोगो, बेनिन या पट्ट्यातला. तिथं तो दिवसा उंदरांच्या बिळात नाहीतर वाळवीच्या वारुळात दडून असतो आणि अंधार पडला की बाहेर येतो. वर्षातले काही महिने न खाता काढणं हे त्याच्यासाठी नवीन नाही, त्याचं शरीर त्यासाठीच बनलंय. त्यात तुझा नर, वयात आलेला, आणि साधारण नोव्हेंबर ते मार्च हा पाळलेल्या बॉल पायथनचा मिलनाचा काळ. या दिवसांत नर जेवणाकडं ढुंकून बघत नाहीत, रात्रभर टँकमध्ये येरझाऱ्या घालतात, मादी नसली तरी घालतात. ही सवय आहे, आजार नाही.

पण सगळं मोसमावर ढकलून मी मोकळा होणार नाही, कारण तू टेंपरेचर एका शब्दानं लिहिलेलं नाहीस, आणि माझा अनुभव असा की कोल्हापुरात हिवाळ्यात न खाणाऱ्या सापांमध्ये खरा गुन्हेगार बहुतेक वेळा टँकमधला थंडावा असतो. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडं रात्री पारा १५ च्या आसपास उतरतो, खोलीत तो २०-२१ वर असतो आणि आपण शाल पांघरून निवांत झोपतो. सापाला आतून ऊब तयार करता येत नाही, बाहेरून मिळेल तेवढीच त्याची. पोटातला उंदीर पचवायला ऊब लागते आणि ती नसेल तर उंदीर पोटातच कुजतो, म्हणून अंग गार असलं की तो खायलाच नको म्हणतो. यात त्याचा हट्ट काही नाही, उलट शहाणपण आहे.

तर टँकची एक बाजू ३१ ते ३३ डिग्री हवी, दुसरी २५ ते २७, आणि रात्री कुठंही २४ च्या खाली जाऊ द्यायचं नाही. हे मोजायचं कशानं, तर काचेवर चिकटवायची ती रंगीत पट्टी काढून टाक, ती काचेचं टेंपरेचर सांगते. वायरवाला प्रोब असलेला डिजिटल थर्मामीटर घे आणि प्रोब साप जिथं पोट टेकून बसतो तिथं ठेव. हीट मॅट असेल तर ती तळाच्या एक तृतीयांश भागाखालीच हवी आणि थर्मोस्टॅटशिवाय अजिबात नको, थर्मोस्टॅट नसलेल्या मॅटनं पोट भाजलेले साप मी बघितलेत आणि ते बघवत नाही. वरून ऊब द्यायची तर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर चांगला, रात्रभर पिवळा बल्ब लावून ठेवलास तर त्याची रात्रच होत नाही मग तो शिकारीला निघणार कधी. दमटपणा ५५ ते ७० टक्के. पावसाळ्यात आपल्याकडं तो न मागता मिळतो, उलट हवा खेळती ठेवावी लागते, पण आत्ता थंडीत हवा कोरडी आहे म्हणून नर्सरीत मिळतं ते कोकोपीट खाली अंथर आणि पाण्याचं भांडं जरा मोठं ठेव.

मग लपायची जागा. तू लिहिलंयस "आत जातो", म्हणजे एक हाईड आहे. एक पुरत नाही, दोन हव्यात, एक गरम बाजूला आणि एक गार बाजूला, नाहीतर बिचाऱ्याला ऊब की लपणं यातलं एकच निवडावं लागतं आणि तो दर वेळी लपणं निवडतो. हाईड ऐसपैस नको, वेटोळं घालून बसल्यावर पाठ आणि दोन्ही कुशी भिंतीला लागल्या पाहिजेत. पालथी कुंडी एका बाजूनं फोडून, कडा घासून ठेवलीस तरी चालते, महागड्या नकली गुहा आणायची काही गरज नाही. टँकच्या तीन बाजू बाहेरून पुठ्ठ्यानं झाक. आणि टँक हॉलमध्ये टीव्हीशेजारी असेल, मित्रमंडळी येऊन काचेवर टकटक करत असतील, तर तो आजच बेडरूमच्या कोपऱ्यात हलव.

आता तुझ्या पत्रातली मला सगळ्यात खटकलेली गोष्ट, रोज रात्री उंदीर पुढं धरणं. तुझा जीव तुटतोय ते कळतं, पण हे म्हणजे पाहुणा पोटभर जेवून उठला तरी त्याच्या मागं भाकरी घेऊन फिरण्यासारखं आहे, आपण आग्रह म्हणतो आणि तो गेट शोधत असतो. रोज रोज तो चिमटा डोळ्यांपुढं नाचला की साप त्याला घाबरायला लागतो आणि मग भूक लागली तरी मान फिरवतो. म्हणून आता दहा-बारा दिवस पूर्ण सुट्टी. हातात घ्यायचं नाही, फोटो नाहीत, टँकमध्ये हात फक्त पाणी बदलायला आणि घाण काढायला. तेवढ्यात टेंपरेचर आणि हाईड नीट करून घे. त्यानंतर एकदा दे, नाही घेतलं तर परत दहा दिवस विषय बंद.

द्यायची पद्धत सांगतो. फ्रोझन उंदीर आदल्या रात्री पिशवीसकट फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेव. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आंघोळीच्या पाण्याएवढ्या गरम पाण्यात, म्हणजे ३८ ते ४० डिग्री, पिशवी बंदच ठेवून बुडव आणि पोटाला दाबून बघ, आत गार गोळा लागला तर अजून थांब. मायक्रोवेव्हमध्ये घालायचा विचारही करू नको, आतून शिजतो आणि कधी कधी फुटतो, पुढचं मी लिहीत नाही, लोक जेवताना वाचत असतील. देण्याच्या आधी डोकं परत अर्धा मिनिट गरम पाण्याला लाव. बॉल पायथनच्या वरच्या ओठावर छोटे छोटे खड्डे दिसतात बघ, त्यांनी त्याला अंधारात सुद्धा ऊब कळते आणि तो त्या उबेवर झेप घेतो. गार उंदीर त्याच्या लेखी दगड. अंग कोरडं कर, लांब चिमट्यानं कमरेला धर, रात्री नऊ-दहानंतर खोलीतली लाईट बंद करून हाईडच्या तोंडाशी हळू हलव. थेट नाकावर नेऊ नको, शिकार अंगावर चालून आली तर शिकारीच घाबरतो. दोन-चार मिनिटांत काही झालं नाही तर उंदीर तिथंच दारात ठेवून खोलीबाहेर जा आणि दार लाव, परत परत डोकावू नको. बरेच लाजाळू साप पहाटेपर्यंत गुपचूप उचलतात. सकाळी तसाच पडलेला असेल तर टाकून दे, परत फ्रीज करायचा नाही.

एवढ्यावर पण नाही घेतला तर वासाचे खेळ आहेत. उंदीर पाळणाऱ्याकडून पिंजऱ्यातला वापरलेला भुसा मूठभर आण आणि त्यात गरम केलेला उंदीर घोळव. रॅट म्हणजे मोठ्या जातीचा उंदीर खात नसेल तर माऊस म्हणजे छोट्या जातीचा देऊन बघ, तोही नको तर कोंबडीच्या पिलाच्या पिसांवर घासून बघ, कारण जंगलात बॉल पायथनचे लहान नर पक्षी पण खातात. आकार सुद्धा बघ, सापाच्या सगळ्यात जाड भागाएवढा उंदीर पुरे, आणि उपासानंतरचा पहिला घास त्याहून लहान दिलेला बरा. डोळे दुधाळ निळसर झाले असतील तर कात येतेय, कात पडेपर्यंत थांब, तेव्हा त्याला दिसत पण नाही नीट.

जिवंत उंदीर सोडून बघू का असं तू विचारलं नाहीस पण पुढच्या आठवड्यात कुणीतरी तुला सांगणारच, म्हणून आत्ताच सांगतो, नको. भूक नसलेल्या सापाशेजारी रात्रभर जिवंत उंदीर ठेवला तर सकाळी उंदीर ठणठणीत आणि सापाच्या पाठीचे लचके, ही केस मला नवीन नाही. उंदराचे हाल होतात ते वेगळेच. आणि घराच्या माळ्यावर पकडलेला उंदीर तर मेलेला सुद्धा देऊ नको, त्यानं शेजारच्या घरातलं विष खाल्लेलं असू शकतं, ते विष सापाच्या पोटात जातं, शिवाय जंत आणि लेप्टोचे, म्हणजे उंदरांपासून माणसाला होणाऱ्या तापाचे जंतू फुकट.

तोंड उघडून भरवायचं सांगणाऱ्याला नमस्कार कर आणि पुढं जा. ते काम शेवटचं, आणि ते डॉक्टरनं करायचं. घरी केलं तर दात तुटतात, घशाला जखम होते आणि साप असा बिथरतो की पुढचे कित्येक महिने चिमटा बघितला की चेंडू करून बसतो. डॉक्टरकडं कधी जायचं तर वजन त्या दहा टक्क्यांच्या रेघेला टेकलं, किंवा वजन ठीक आहे पण तोंड उघडं ठेवून श्वास घेतोय, नाकातोंडातून बुडबुडे येतात, शिट्टीसारखा आवाज येतो, हिरड्या लाल होऊन पांढरट पू दिसतो, खवल्यांखाली मोहरीपेक्षा बारीक काळे किडे फिरतात, पाण्यात तासन्‌तास बसून राहतो. यातलं एक जरी दिसलं तरी रविवारच्या वजनाची वाट बघायची नाही. जाताना ताजी शी डबीत घेऊन जा, जंताची तपासणी होते. आधी फोन करून विचार की तुम्ही साप बघता का, प्रत्येक पशुवैद्य बघत नाही आणि त्यात त्यांना कमीपणा नाही. जवळ कुणी मिळालं नाही तर शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयात चौकशी करून बघ, हायवेलाच आहे.

एक कागदाचं पण काम. बॉल पायथन सायटीसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये येतो आणि वन्यजीव कायद्यात २०२२ ला जी दुरुस्ती झाली, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, तिच्यामुळं असे परदेशी प्राणी कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आलेत. त्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते, त्याचे नियम २०२४ ला आले. साप घेतला तेव्हाची पावती आणि नोंद दोन्ही आहे का ते बघ, नसेल तर वनखात्याच्या ऑफिसात जाऊन विचारून घे.

आईंना सांग, नवस फेडायची वेळ बहुतेक पाडव्याच्या आसपास येईल.

शाहूपुरीतून एक काकू लिहितात : नातवानं घरी साप आणलाय, खात नाही म्हणून सगळे काळजीत. मी म्हटलं नागपंचमीला आपण नागाला दूध देतो तसं वाटीत ठेवा, तर नातू माझ्यावर हसतो. आम्ही लहानपणापासून साप दूध पिताना बघितलेत, ते खोटं होतं का?

उत्तर : काकू, तुम्ही बघितलं ते डोळ्यांनी बघितलं, त्यात खोटं काही नाही, पण त्यामागची गोष्ट वाईट आहे. गारुडी नागपंचमीच्या आधी कितीतरी दिवस त्या नागाला पाण्याचा थेंब देत नसत. इतका तहानलेला जीव पुढं जे ओलं येईल त्यात तोंड घालतो, दूध असो की आणखी काही. दूध सापाला पचत नाही, त्याची पिल्लं कधी दूध प्यालेलीच नसतात, आणि जबरदस्तीनं पाजलं तर ते फुप्फुसात जाऊन साप मरतो. वाटी ठेवा, पण स्वच्छ पाण्याची ठेवा आणि रोज बदला. नातवाला माझ्याकडून सांगा की आज्जीला हसायचं नाही, समजावून सांगायचं.

मंगळवार पेठेतून एकजण : आमचा साप फ्रोझन उंदीर खात नाही आणि ते मागवायला पण महाग पडतात. मटणाचे नाहीतर चिकनचे बोनलेस तुकडे दिले तर चालतील का? कोल्हापुरात मटणाला तोटा नाही.

उत्तर : तोटा नाही हे मान्य, पण ते तुमच्या ताटात येऊ दे. सापाला आख्खा प्राणी लागतो. उंदराची हाडं म्हणजे त्याचं कॅल्शियम, उंदराचं लिव्हर म्हणजे व्हिटॅमिन, केस आणि कातडी सुद्धा आतड्यातून जाताना कामाची. नुसतं मांस देत राहिलात तर काही महिन्यांत हाडं ठिसूळ व्हायला लागतात. आणि मुळात जो साप उंदीर ओळखून खात नाही तो लेगपीसला शिकार कसा समजेल. खर्च वाचवायचा असेल तर चार सापवाले मिळून एकदम मागवा. मोठा झालेला बॉल पायथन दोन-तीन आठवड्यांनी एकदा खातो, त्याच्यापेक्षा तुमचं रविवारचं मटण महाग आहे.

जयसिंगपूरहून एक वाचक : कॉर्न स्नेकचं पिल्लू घेऊन तीन आठवडे झाले. पिंकी, म्हणजे उंदराचं नुकतंच जन्मलेलं पिल्लू पुढं ठेवलं की वास घेतं आणि निघून जातं. इतकुसं आहे, पेन्सिलीएवढं जाड, मरेल अशी भीती वाटते.

उत्तर : ही भीती खरी आहे. वर राजारामपुरीवाल्याला मी निवांत राहा म्हटलं ते मोठ्या सापासाठी, पिलाकडं साठा नसतो, त्यामुळं तीन आठवडे म्हणजे आता हातपाय हलवायची वेळ.

पहिला प्रश्न, त्यानं पहिली कात टाकली का? अंड्यातून आल्यावर साधारण आठ-दहा दिवसांनी ती पडते आणि त्याआधी पिल्लू सहसा खात नाही. ज्यांच्याकडून घेतलं त्यांना फोन करून विचारा की ते तिथं खात होतं का, काय खात होतं, जिवंत की फ्रोझन. विकणाऱ्यानं सांगायलाच हवं, आणि तुम्ही पण घेण्याआधी ते डोळ्यांपुढं खाताना बघून घ्यायला हवं होतं, बाकीचे वाचणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

कॉर्न स्नेक अमेरिकेचा, तिथं याची पिल्लं सुरुवातीला पाली, सरडे आणि छोटे झाडावरचे बेडूक खातात, म्हणून गुलाबी उघडा उंदीर हे खाणं आहे हेच काही पिलांना कळत नाही. तुम्ही असं करा, एक छोटी झाकणाची प्लास्टिकची डबी घ्या, झाकणाला बारीक भोकं पाडा, आत कागदाचे तुकडे घाला, पिल्लू आत सोडा आणि कोमट केलेली पिंकी त्याच्याशेजारी ठेवून डबी टँकच्या कोमट बाजूला रात्रभर राहू द्या. गरम मॅटच्या बरोबर वर ठेवू नका, बंद डबी पटकन तापते. अंधार, अडचण आणि वास, तिन्ही जमून आलं की बरीच पिल्लं खातात. नाही खाल्लं तर पुढच्या वेळी पिंकी नुसत्या कोमट पाण्यानं, साबण न लावता धुऊन पुसून द्या, तिचा मूळचा वास कमी होतो. तेही नाही तर पिंकीच्या डोक्याला सुईनं टोचून आतला थोडा द्रव बाहेर येऊ द्या. वाचायला किळसवाणं आहे, पण चालतं. प्रत्येक प्रयत्नात चार-पाच दिवसांचं अंतर ठेवा आणि मधे हात लावू नका. कॉर्नला बॉल पायथनएवढी ऊब लागत नाही, गरम बाजू २८ ते ३० पुरते. भिंतीवरची पाल पकडून देऊ नका, तिच्या पोटातले जंत पिलाला झेपत नाहीत. दोन-तीन प्रयत्न असे फुकट गेले तर थांबू नका, डॉक्टर गाठा, पिलाला थोडा आधार देऊन भरवायची नाजूक पद्धत असते पण ती बघून शिकायची असते, वाचून नाही.

नागाळा पार्कमधून एक ताई : आमच्या पायथननं बऱ्याच दिवसांनी उंदीर खाल्ला, आम्हाला इतका आनंद झाला की मुलांनी त्याला गळ्यात घेऊन फोटो काढले, आणि दुसऱ्या दिवशी रात्री लाईट गेली ती सकाळी आली. तिसऱ्या दिवशी त्यानं सगळा उंदीर उलटून टाकला. लगेच दुसरा देऊ का?

उत्तर : अजिबात नको ताई. उलटी करताना पोटातलं ॲसिड आणि पाचक रस सगळे बाहेर जातात, ते परत तयार व्हायला वेळ लागतो. दोन आठवडे पाणी सोडून काही नाही, नंतर पहिल्यापेक्षा निम्म्या आकाराचा उंदीर, तो टिकला तर हळूहळू नेहमीच्या मापावर. तुमच्या पत्रात दोन्ही कारणं तुम्हीच लिहिलीत, खाल्ल्यावर निदान दोन दिवस सापाला हात लावायचा नसतो आणि पचताना ऊब जाऊन चालत नाही.

लाईटचं म्हणाल तर २०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्यांच्या गल्लीत दिवसेंदिवस अंधार होता त्यांना मी काय सांगणार. इन्व्हर्टरवर हीट मॅट सहज चालते, तिला फार करंट लागत नाही. इन्व्हर्टर नसेल तर थर्माकोलचा बॉक्स भोकं पाडून तयार ठेवा, लाईट गेली की साप कापडी पिशवीत घालून त्यात ठेवायचा आणि शेजारी गरम पाण्याची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून, दर दोन-तीन तासांनी पाणी बदलायचं. लाईटचा भरवसा नसेल त्या आठवड्यात उंदीर देऊच नका, उपाशी साप थंडी काढतो, भरल्या पोटाचा काढत नाही. परत उलटी झाली तर मात्र घरचे उपाय बंद, तपासणी करून घ्या, काही वेळा पोटात जंतूंचा संसर्ग असतो आणि तो ऊब देऊन जात नाही.

नाव न छापण्याच्या अटीवर एक आई : आमचं घर शाकाहारी. मुलाच्या सापाचे मेलेले उंदीर माझ्या फ्रीजरमध्ये, मटारच्या पिशवीशेजारी आहेत हे मला काल कळलं. मी काल रात्री जेवले नाही. मुलगा म्हणतो डबल पिशवीत आहेत, काही होत नाही. तुम्हीच सांगा.

उत्तर : वहिनी, मी तुमच्या बाजूनं आहे. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी उंदरांवर साल्मोनेलाचे जंतू असतात आणि ते फ्रीजरमध्ये मरत नाहीत, नुसते झोपतात. घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर धोका जास्त. मुलानं स्वतःच्या पैशानं छोटा सेकंडहँड डीप फ्रीजर घ्यावा आणि स्वतःच्या खोलीत ठेवावा. उंदीर गरम करायचं भांडं, चिमटा, काटा सगळं वेगळं, किचनच्या सिंकमध्ये काहीही धुवायचं नाही, आणि दर वेळी साबणानं हात. हे जमत नसेल तर त्याला साप परवडत नाही. मटार टाकून द्या, नवीन आणायला त्यालाच पाठवा.

कसबा बावड्याहून एक शेतकरी वाचक : ऊसतोडीत सापाचं पिल्लू सापडलं, सगळे म्हणतात धामण आहे. पोरानं हौसेनं डब्यात ठेवलंय. बेडूक दिला, पाल दिली, आठवडा झाला काही खात नाही. काय द्यावं?

उत्तर : दादा, काही देऊ नका, डबा उघडू पण नका. फोटो नाही त्यामुळं ती धामणच आहे असं मी म्हणणार नाही, आणि तुम्ही पण म्हणू नका, उसात घोणस असते आणि पिलं ओळखताना भल्याभल्यांची गल्लत होते. घोणशीचं पिल्लू सुद्धा पूर्ण विषारी असतं. पोराला डब्यापासून लांब ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ या नंबरवर फोन करा, ते माणूस पाठवतात किंवा काय करायचं ते सांगतात. आपल्याकडचे रानातले साप पाळायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदी आहे, मग ती धामण असो, मांडूळ असो की अजगर. खात का नाही म्हणाल तर रानातला साप डब्यात कोंडला की भीतीनंच खाणं सोडतो, समोर काहीही ठेवा. आणि धामण निघाली तर तिला रानात सोडण्यात तुमचाच फायदा, उसातले उंदीर ती फुकट मारते.

उजळाईवाडीतून, कॉलेजची विद्यार्थिनी : माझ्या मैत्रिणीनं सांगितलं की एका बाईचा अजगर खायचा बंद झाला आणि रोज रात्री तिच्याशेजारी लांब होऊन झोपायचा, डॉक्टर म्हणाले तो तुम्हाला गिळायला माप घेतोय. माझी बॉल पायथन पण सध्या खात नाही आणि हातावर लांब पसरते. खरं काय?

उत्तर : ही गोष्ट मी इतक्या जणांकडून ऐकलीय की ती बाई आणि तो डॉक्टर दोघं एकदा भेटावेत अशी माझी फार इच्छा आहे. साप शिकारीचं माप घेत बसत नाही, झडप घालतो, गिळता आलं तर गिळतो, नाही तर सोडून देतो, उंदीर काय तोवर शेजारी झोपून राहणार आहे? तुझी बॉल पायथन फार तर चार-पाच फूट होईल, तिला मोठी घूस सुद्धा जड जाते. हातावर पसरते कारण हात गरम आहे, म्हणजे टँकमध्ये ऊब कमी पडत असणार. वर राजारामपुरीवाल्याला टेंपरेचरचे आकडे दिलेत ते बघ, थर्मामीटर लाव, आणि खाईपर्यंत हातावर घेऊ नको.